बुडवून पाहिलेल्या पेट्या

१९७३ सालच्या फेब्रुवारीत, एका रविवारी सकाळी, उत्तनजवळच्या चौक गावाच्या किनाऱ्यावर दोन सागवानी पेट्या भरतीच्या पाण्यात बुडवण्यात आल्या. प्रत्येक पेटी गुडघ्याच्या थोडी वर येईल एवढी उंच आणि सहाही बाजूंनी बंद होती. तरंगू नयेत म्हणून खाली जुन्या जाळ्यात दगड बांधले होते, आणि दोरांची टोके किनाऱ्यावरच्या खुंटाला अडकवली होती. पेट्या होड्या बांधणाऱ्या एका वृद्ध सुताराने केल्या होत्या. त्या घरात गाणे ऐकण्याच्या स्पीकरसाठी होत्या, आणि माझ्या थोरल्या भावाच्या मालकीच्या होत्या.

वर्षभर त्या सुताराला गावात कोणी काम दिले नव्हते. त्याने बांधलेल्या शेवटच्या होडीत पहिल्याच फेरीला पाणी शिरले होते. आज पेट्यांत पाणी शिरले तर पुन्हा हत्यार हातात धरणार नाही, असे त्याने किनाऱ्यावर जमलेल्या लोकांसमोर सांगितले होते.

हा प्रसंग तिथपर्यंत कसा पोचला, ते सांगितले पाहिजे.

भाऊ एका कापड गिरणीत वायरमन होता. भाईंदरला, स्टेशनपासून दहा मिनिटांवर, बैठ्या चाळीत आमच्या दोन खोल्या होत्या. घरात तो, वहिनी आणि मी. मी मुंबईत एका मराठी दैनिकात काम करत होतो. भावाने दोन वर्षे खपून एक अँप्लिफायर स्वतः जोडला होता. उघड्या फळीवर बसवलेल्या त्याच्या काचेच्या नळ्या चालू असताना तांबूस दिसत. रेकॉर्ड प्लेअर जुना घेतला होता. आवाज मात्र एका मोडक्या रेडिओतून काढलेल्या स्पीकरमधून यायचा.

वहिनी लग्नाआधी काही वर्षे गाणे शिकली होती. घरात गाण्याबद्दल शेवटचा शब्द तिचा असे. त्या स्पीकरवर पहिल्यांदा तंबोरा ऐकल्यावर तिने भाजी निवडता निवडता मान वर केली आणि म्हणाली, "ह्या तंबोऱ्याची खर्जाची तार तुटलीये."

"रेकॉर्डमध्ये तार कशी तुटेल?" भाऊ म्हणाला.

"ते मला नका विचारू. मला तीनच तारा ऐकू येतायत."

तिचे बरोबर होते. चौथी, सगळ्यात खालची तार त्या स्पीकरमधून बाहेर येतच नव्हती. भावाने त्याच दिवशी चांगले स्पीकर घ्यायचे ठरवले.

निवड करायला त्याने पाच शनिवार घेतले. गिरणी सुटली की तो लॅमिंग्टन रोडवरच्या रेडिओच्या सामानाच्या दुकानांत जायचा. मला वेळ असला तर मी बरोबर असे. दुकानदार स्पीकर जोडून सिनेमाचे गाणे मोठ्याने लावायचे. भाऊ ते बंद करायला सांगायचा आणि रेडिओवर बातम्या लावायला लावायचा. पाठ फिरवून, डोळे मिटून, बातम्या संपेपर्यंत उभा राहायचा.

एका दुकानदाराला हे सहन झाले नाही. "अरे भाई, गाना सुनने आये हो कि समाचार?"

"समाचार पढ़नेवाला आदमी यहाँ दुकान में बैठा है, ऐसा लगना चाहिए," भाऊ म्हणाला.

"तो उसी को घर ले जाओ ना!"

दुकानातले लोक हसले. भाऊही हसला, पण हलला नाही. परतताना त्याने मला कारण सांगितले. सारंगी जवळून कशी वाजते, हे त्याला माहीत नव्हते. माणूस कसा बोलतो, हे तो जन्मापासून ऐकत होता. स्पीकर खोटे बोलत असला तर माणसाच्या आवाजात तो लगेच सापडतो. एक परदेशी जोडी त्याने याच कारणाने नाकारली. तिच्यातून बातम्या देणारा माणूस पिंपात बसल्यासारखा वाटत होता.

शेवटी त्याने भारतीय बनावटीचे दोन आठ इंची स्पीकर घेतले. दिसायला साधे, काळ्या कागदाचा शंकूसारखा कोन आणि मागे जड लोहचुंबक. विकत घेण्याआधी त्याने दोन्ही अंगठ्यांनी कोन हळूच आत दाबला आणि कान जवळ नेला. आत कुठे घासल्याचा आवाज आला नाही. बातम्यांवरून टोमणा मारणाऱ्याच दुकानदाराकडून ही खरेदी झाली. कागदात बांधून देताना तो म्हणाला, "ये आधा स्पीकर है, भाई. बाकी आधा डब्बा है. डब्बा ठीक नहीं, तो ये भी बेकार."

डब्बा स्टेशनजवळच्या एका सुताराने केला. तो कपाटे आणि पलंग करायचा. त्याची पेटी प्लायवूडची होती, वर सनमायका, कडा गुळगुळीत. दिसायला सुंदर. स्पीकर जोडल्यावर तंबोरा सुधारला, पण तबल्याचा डग्गा फुटक्या मडक्यासारखा येऊ लागला. भावाने उदबत्ती पेटवली आणि पेटीच्या सांध्यापाशी धरली. डग्ग्याच्या प्रत्येक घुमाऱ्याला उदबत्तीचा धूर थरथरत होता.

कारण सरळ होते. कोन पुढे हलतो तसा मागेही हलतो. मागची हवा पेटीत कोंडून राहिली पाहिजे. ती फटीतून निसटली की खालचे सूर मरतात. भावाने हे त्या सुताराला समजावले. सुताराने ऐकून घेतले आणि विचारले, "पण साहेब, आवाज बाहेर यायलाच हवा ना? मग येऊ दे की. कुठनं का येईना."

भावाने सांध्यांत लांबी भरली, मेण भरले, शेवटी गव्हाच्या पिठाची खळही भरून पाहिली. फटी एका जागी बुजल्या की दुसरीकडे सापडत. हा प्रकार महिनाभर चालला. रोज सकाळी दारात मासळी घेऊन येणारी चौकची मावशी तो पाहत असे. ती उंबऱ्यापाशी बसून मासे कापून द्यायची आणि तिथून आतली खोली सरळ दिसायची.

एक दिवस ती म्हणाली, "काय वो भाऊ, रोज रोज त्या खोक्याला उदबत्ती? नवस बोल्लाय काय?"

"फट शोधतोय, मावशी. हवा जाते."

मावशीने कोयता खाली ठेवला. "फटी बुजवायला लाकडाचा मानूस लागतो, कपाटाचा न्हाय. आमचा म्हातारा जलमभर तेच करीत आला. त्याच्या होडीत पानी..."

ती मध्येच थांबली आणि पुन्हा मासा कापू लागली.

"मग त्यांनाच विचारा की," वहिनी म्हणाली. "वेळ असेल का त्यांना?"

"येळ?" मावशी म्हणाली. "येळच तेवढा हाय त्याच्याकडं."

मग तिने सगळे सांगितले. तिचा नवरा चाळीस वर्षे होड्या बांधत होता. गेल्या वर्षी त्याने गावातल्याच एका नाखव्याची, म्हणजे होडीच्या मालकाची, होडी बांधली. पहिल्या फेरीत तिच्यात पाणी शिरले. माणसे वाचली, जाळी वाचली, पण मासळी टाकून यावे लागले. नाखव्याने किनाऱ्यावर सगळ्यांदेखत सांगितले की म्हाताऱ्याचे डोळे गेले, हात गेला. त्यानंतर त्याला दुरुस्तीलाही कोणी बोलावले नाही. तो रोज हत्यारांना धार लावायचा आणि ठेवून द्यायचा.

सुताराचे म्हणणे वेगळे होते, ते पुढे कळले. नाखव्याने घाईने ओले लाकूड आणून दिले होते. ते उन्हात आकसले आणि सांधे उघडले. नाखव्याचे म्हणणे होते की लाकूड ओले होते तर सुताराने तेव्हाच हात लावायचा नव्हता. यातले कोणाचे खरे, हे मला कधी पडताळता आले नाही. बहुधा दोघांचेही खरे होते.

पुढच्या रविवारी भाऊ आणि मी बसने चौकला गेलो. वहिनीने निघताना टोला मारलाच. "स्पीकरचं खोकं करायला समुद्रावर चाललेत. उद्या पोळपाट करायचा म्हणून विमानतळावर जातील."

सुतार घरामागच्या माडाखाली बसला होता. अंगाने काटकुळा, पण मनगटे जाड. भावाने इंग्रजी मासिकातून उतरवून घेतलेला नकाशा त्याच्यापुढे ठेवला. त्याने तो उलटा धरला, सरळ धरला आणि परत दिला.

"हे मना समजत न्हाय. हातानं दाखव, केवढी."

भावाने उंची, रुंदी, खोली हातांनी दाखवली, मग पट्टीने मोजून नक्की केली. सुताराने बांबूची एक कामटी घेतली आणि तिच्यावर चाकूने तीन खाचा पाडल्या. मोजमापाचे काम तेवढ्यावर संपले.

"आत काय ठेवनार?"

"काही नाही. हवा."

"हवा?" त्याने मावशीकडे पाहिले. मावशीने खांदे उडवले.

"हवा आत कोंडून राहिली पाहिजे, काका. सुईच्या टोकाएवढीही बाहेर जाता कामा नये."

"हवा जाईल तिथनं पानी जाईल," सुतार म्हणाला. "पानी न्हाय जानार. आनि ह्यो गोल कसला?"

"तिथे भोक पाडायचं. त्यात स्पीकर बसेल."

"ते सगळ्यात शेवटी. भोक पाडलेली वस्तू मी पारखनार कशी?"

भावाला वाटले, नजरेने पारखण्याबद्दल बोलतोय. त्याने मान डोलावली.

लाकूड सुताराने स्वतः निवडले. नवे सागवान नको म्हणाला. उत्तनला एक जुनी होडी मोडली होती, तिच्या फळ्या भावाने विकत घेतल्या. प्रत्येक फळीवर सुतार बोटाच्या पेराने ठोकायचा आणि कान लावायचा. अकरा फळ्यांपैकी चार त्याने बाजूला काढल्या. त्यांत काय वाईट आहे, ते आम्हाला दिसले नाही आणि ऐकूही आले नाही. निदान मला नाही. भावाने नंतर स्वतः ठोकून पाहिले आणि तीन ओळखल्या. चौथी त्याची चुकली. सुताराने ती पुन्हा ठोकून दाखवली, आणि मग भावालाही कळली.

तीन आठवड्यांत आम्ही तीन वेळा गेलो. दुसऱ्या वेळी भाऊ निराश झाला. नकाशात पेटीच्या कडेच्या फळ्या सपाट होत्या. सुताराने त्यांना किंचित बाक दिला होता. पुढची आणि मागची फळी सरळ, आणि कडेच्या दोन्ही फळ्यांना पोट.

"काका, हे सरळ हवं होतं."

"सरळ फळी रिकामी बसते. रिकामी बसली की हलते," सुतार म्हणाला. "वाकवून बसवली की जोर धरून राहते. होडीची फळी सरळ बगितलीस कवा?"

घरी येऊन भावाने मासिक पुन्हा वाचले. पेटीच्या फळ्या हलू नयेत म्हणून आतून आडव्या पट्ट्या ठोका, असे त्यात लिहिले होते. बाक दिलेल्या फळीबद्दल त्यात काही नव्हते. त्याने दोन दिवस विचार केला आणि सुताराला निरोप पाठवला की तुमच्या पद्धतीने करा.

तिसऱ्या वेळी सांधे भरण्याचे काम चालले होते. तेल आणि राळेत भिजवलेल्या कापसाची बारीक वळी करून सुतार ती सांध्यात ठेवायचा आणि बोथट पटाशीने, लाकडी हातोडीने ठासायचा. सुरुवातीला हातोडीचा आवाज बद्द यायचा. कापूस पुरता बसला की आवाज खणखणीत व्हायचा, आणि त्याच क्षणी तो पुढे सरकायचा. तो सांध्याकडे बघत नव्हताच. माडाकडे बघत होता. भाऊ त्याच्याशेजारी उकिडवा बसला होता आणि तोही कुठेतरी दुसरीकडेच बघत होता. एका ठिकाणी सुतार पुढे सरकणार, तेवढ्यात भाऊ म्हणाला, "अजून एक." सुताराने त्याच्याकडे पाहिले, अजून एक ठोका दिला आणि आवाज बदलला.

"कान हाय तुला," सुतार म्हणाला. त्याच्या तोंडून मी ऐकलेली ती एकमेव स्तुती.

पेट्या न्यायला आम्ही त्या फेब्रुवारीतल्या रविवारी गेलो. सुताराच्या घरी कोणी नव्हते. शेजारच्या बाईने किनाऱ्याकडे हात दाखवला. तिथे तीस-चाळीस माणसे जमली होती. पेट्या वाळूवर ठेवलेल्या, जाळ्यात दगड बांधून तयार. भोके अजून पाडलेली नव्हती. ज्याच्या होडीत पाणी शिरले होते तो नाखवा समोरच उभा होता. पन्नाशीचा, रुंद छातीचा माणूस, खांद्यावर टॉवेल.

"पेटी तरंगली म्हनजे होडी झाली काय?" नाखवा म्हणत होता. "बाटली पन तरंगते."

"तरंगवत न्हाय," सुतार म्हणाला. "बुडवतो."

भाऊ पुढे झाला. "काका, हे काय चाललंय? त्या पाण्यासाठी नाहीत!"

"हवा जाता कामा नये, तूच बोल्लास. मना हवा दिसत न्हाय. पानी दिसतं." मग तो थोडा थांबला. "पेट्या तुज्या हायत. न्हाय बोललास तर आत्ता उचलून देतो."

मावशी भावाजवळ आली आणि हळू आवाजात म्हणाली, "न्हाय बोललास तर तो देईल, भाऊ. पन समद्या गावासमोर बोललाय. आज पेट्या अशाच गेल्या तर तो हत्यारं इकून टाकील."

भावाने पेटीच्या सांध्यांवरून हात फिरवला, एकेक करून बाराही कडांवरून. मग सुताराला विचारले, "भिजल्यावर सुकायला किती दिवस?"

"सावलीत यक म्हयना."

"बुडवा," भाऊ म्हणाला.

एक गोष्ट अजून राहिली होती. पेटी बंद, तर आत पाणी गेले की नाही हे कळणार कसे? सुताराने ती सोय आधीच करून ठेवली होती. शेवटची फळी बसवण्याआधी त्याने प्रत्येक पेटीत वर्तमानपत्राचा एकेक चुरगाळलेला कागद टाकला होता. कागद मावशीने आमच्याच घरून मासे गुंडाळायला नेलेल्या रद्दीतला होता. भोक पाडल्यावर तो बाहेर काढायचा आणि सगळ्यांनी बघायचा.

आठच्या सुमाराला पेट्या पाण्यात सोडल्या. भरती चढत होती. पाण्यावर फक्त दोर दिसत होते. काही वेळाने एका दोराशेजारी बुडबुडे आले. लोक पुढे सरकले. सुतार जागचा हलला नाही. ते बुडबुडे जाळ्यातल्या दगडांखालून येत होते आणि थोड्या वेळाने थांबले. भाऊ वाळूवर बसून राहिला. मावशीने आणलेल्या भाकरीला त्याने हात लावला नाही.

दुपारी दोनच्या आसपास ओहोटीने पेट्या उघड्या पडल्या. चौघांनी त्या वर आणल्या. सुताराने त्या स्वतः पुसल्या, एक आडवी ठेवली, दोरी आणि खिळ्याने वर्तुळ आखले, रेघेच्या आत सामत्याने, म्हणजे दोरीने फिरवायच्या गिरमिटाने, भोक पाडून त्यात अरुंद करवत घातली. वर्तुळ कापायला पाव तास लागला असेल. लाकडाची चकती निघाली. सुताराने बाजूला होऊन नाखव्याला हाताने खूण केली.

नाखव्याने हात घातला. आतली फळी चाचपली. कागद बाहेर काढला आणि उलगडला. कागद कोरडा होता, कडकड वाजला.

"दुसरी," नाखवा म्हणाला.

दुसऱ्या पेटीतला कागद त्याने काढला आणि तो तसाच हातात धरून उभा राहिला. एका कोपऱ्याला, तळहाताएवढ्या भागात, कागद मऊ पडला होता. मागून कोणीतरी म्हणाले, "गेलं पानी." मावशी खाली बसली. सुताराने करवत वाळूवर ठेवली. त्याचा चेहरा बदलला नाही, पण करवत ठेवताना तो तिच्याकडे बघत नव्हता आणि ती दगडावर आपटली.

नाखव्याने कागद नाकाशी नेला. मग त्याचा मऊ कोपरा जिभेला लावला. थुंकला, आणि पुन्हा लावला. मग तो मागे बोलणाऱ्या माणसाकडे वळला.

"खारट न्हाय," तो म्हणाला. "घाम हाय लाकडाचा. पानी न्हाय."

कागद तीन-चार जणांकडे फिरला. प्रत्येकाने जिभेला लावून पाहिला. भावानेही लावला. माझ्याकडे आला तेव्हा मीही लावला. शाईची चव होती. मीठ नव्हते.

नाखवा सुताराशी एक शब्दही न बोलता निघून गेला. सुताराने करवत उचलली, तिचे दात अंगठ्याने तपासले आणि वाळू झटकली.

पेट्या महिनाभर माडाखाली सावलीत राहिल्या. मावशी रोज त्यांची कूस बदलायची. सुकल्यावर सुताराने त्यांना तेल चोळले. भाईंदरला त्या मासळीचा बर्फ नेणाऱ्या ट्रकमधून आल्या. वहिनीने पहिल्या दिवशी पदर नाकाला लावला. पेट्यांच्या पोटावर हात ठेवून म्हणाली, "ढेरी बरी आहे दोघांचीही. जेवायला वाढू का?" भावाने पट्टी लावून मोजले. कामटीवरच्या तीन खाचांवरून केलेल्या त्या दोन पेट्यांमध्ये उंचीला एका सुताचाही, म्हणजे इंचाच्या आठव्या भागाचाही, फरक नव्हता.

आत कापूस भरला, स्पीकर पुढून बसवले. खोली लहान होती. भावाने पेट्या आधी दोन कोपऱ्यांत ठेवल्या. तंबोरा गाण्यापेक्षा मोठा येऊ लागला. त्याने त्या भिंतीपासून एक वीत पुढे घेतल्या, मग एक हात. वहिनीला समोरच्या भिंतीशी पाटावर बसवले.

"डोळे मिट, आणि गाणारा कुठे बसलाय ते बोटाने दाखव."

"डावीकडे. खिडकीत बसलाय. पडेल."

भावाने डावी पेटी बोटभर मागे घेतली.

"आता?"

"आता कपाटात."

हे दोन तास चालले. पेट्या विटांवर चढल्या, विटांवरून शहाबादी फरशीच्या तुकड्यांवर आल्या, थोड्या आत वळल्या. शेवटी वहिनीचे बोट दोन पेट्यांच्या बरोबर मधे, भिंतीवरच्या कॅलेंडरवर येऊन थांबले. ती डोळे मिटूनच म्हणाली, "तंबोरा त्याच्या मागे आहे. चारी तारा." भावाने जमिनीवर पेट्यांभोवती खडूने रेघा ओढल्या. त्या रेघा पुढे कित्येक महिने राहिल्या. केर काढताना वहिनी त्या चुकवायची.

एप्रिलमध्ये सुतार आणि मावशी ऐकायला आले. सुतार धुतलेला सदरा घालून आला होता. खुर्चीवर बसला नाही. जमिनीवर, उजव्या पेटीजवळ बसला. भावाने रेकॉर्ड लावली. सुताराने गाण्याकडे लक्ष दिले की नाही, हे सांगता येत नाही. त्याने तळहात पेटीच्या बाकदार फळीवर ठेवला आणि एक बाजू संपेपर्यंत तसाच ठेवला. तबला सुरू झाल्यावर भावाने उदबत्ती पेटवून सांध्यापाशी धरली. धूर सरळ वर गेला. सुताराने ती भावाच्या हातातून घेतली, बाराही कडांवरून फिरवली, मग स्पीकर बसवलेल्या भोकासमोर धरली. तिथे डग्ग्याच्या घुमाऱ्याला धूर फुटला.

"भोकातनं येतोय," तो म्हणाला. "फळी झोपलीय."

नंतर भावाने रेडिओ लावला. बातम्या सुरू झाल्या. मावशीने पटकन पदर सावरला आणि बाहेरच्या दाराकडे पाहिले.

"कोन आलंय?"

"कोणी नाही, मावशी. बातम्या आहेत."

"मना वाटलं, पावनं आले."

भाऊ वळून माझ्याकडे बघून हसला. पाच शनिवार दुकानांत उभा राहून तो जे शोधत होता, ते मावशीने एका वाक्यात सांगितले होते. बोलणारा माणूस खोलीत आल्यासारखा वाटला होता. वहिनीने चहा आणला. सुताराने बशीत ओतून तो घेतला, उठला, आणि जाण्याआधी खडूच्या रेघेबाहेर सरकलेली पेटी पायाने हळूच रेघेच्या आत घेतली.

जूनमध्ये होड्या किनाऱ्यावर ओढल्या गेल्या. पावसाळ्यात मासेमारी बंद असते आणि दुरुस्तीची कामे तेव्हाच होतात. जुलैच्या सुरुवातीला मावशीने बातमी आणली. नाखव्याने आपली होडी सुताराच्या घरासमोर आणून उभी केली होती. तो स्वतः आला नव्हता. त्याने दोन माणसे पाठवली होती, आणि त्यांच्याबरोबर लाकूड. सुताराने फळ्या ठोकून पाहिल्या आणि तीन परत पाठवल्या. दुसऱ्या दिवशी त्यांच्या जागी दुसऱ्या तीन आल्या.

नारळी पौर्णिमेनंतर होडी पाण्यात गेली. त्या दिवशी आमच्यापैकी कोणी चौकला नव्हते. मावशी त्यानंतर दोन दिवस आली नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी ती आली आणि उंबऱ्यापाशी पाटी उतरवली. पाटीत पापलेट होते.

"कुणाच्या होडीचे?" वहिनीने विचारले.

"नाखव्याच्या," मावशी म्हणाली, आणि कापायला बसली.